सोनूबाईच्या बोटांवरचे ओरखडे

"कुत्रा मला चावला नाही, मी त्याच्या तोंडचं काढून घेतलं," असं सोनूबाई म्हणाली आणि वर हसली.

योगिता सिस्टर हसली नाही. कुत्रा चावलेली माणसं या सरकारी दवाखान्यात रोजच येत. कोणी पोटरी दाखवी, कोणी मनगट, आणि दातांच्या खुणा कुठं आहेत हे आधी तेच सांगत. ही बाई मात्र दोन्ही हात टेबलावर पालथे टाकून बसली होती. बोटांवर, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याच्या मुळाशी ओरखडेच ओरखडे होते. काही सुकलेले, काही ओले, काही जुन्यावर नवे.

"यातला त्या दिवशीचा कोणता, मावशी?"

"ते बोंबलाला विचारा."

सोनूबाई झाईच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवते. नवऱ्याची कंबर गेली, तो होडीवरून उतरला आणि जाळी विणत घरी बसला, तेव्हापासून वलांड्यांचं, म्हणजे वाळवणीच्या बांबूंचं, सगळं तिच्याकडे आहे. हद्दीपलीकडून व्यापारी आले की ती भाव गुजरातीत करते आणि शिव्या मराठीत देते. बोंबील वाळवायला तिला ना दोरी लागते, ना खिळा. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूवर टाकून द्यायची. दात आत वळलेले, सुईसारखे. एकदा अडकले की वाऱ्यानंही सुटत नाहीत. सकाळभर जोड्या लावल्या की बोटं सोलून निघतात. किनाऱ्यावर त्याला कोणी जखम म्हणत नाही. खारं पाणी लागलं की आठवण होते, तेवढंच.

कुत्र्यांशी तिचं वैर नव्हतं. संध्याकाळी ती स्वतः त्यांच्यापुढे वाटणी टाकायची. पण मागितलं तर देईन, ओढलं तर नाही, असा तिचा कायदा. त्या दिवशी एका कुत्र्यानं खालच्या बांबूवरची जोडी ओढली. सोनूबाईनं त्याच्या तोंडात बोटं घातली, जोडी सोडवली आणि मागं उभ्या बुधीकडे दिली, "वर लाव." बुधी तलासरीकडच्या पाड्यावरची, हंगामाला मजुरीवर येणारी. तिचीही बोटं तशीच. लाळेनं बुळबुळीत झालेली जोडी तिनं लुगड्याला पुसली आणि वर टाकली.

मग कुत्रा लाळ गाळत फिरू लागला. रोज वाटणी देणाऱ्या सोनूबाईलाही तो ओळखेना. पाण्याच्या कडेला झोकांड्या खात गेला आणि खडकात मरून पडला. गावात आशाताईचं काम करणाऱ्या क्रांतीला हे कळलं. तिनं सोनूबाई आणि बुधी दोघींचे हात साबणानं बराच वेळ धुवायला लावले आणि दोघींना डहाणूच्या बसमध्ये बसवलं.

दंडातली लस दोघींनी निमूट घेतली. पण दुसरं औषध बोटांत टोचायचं, प्रत्येक ओरखड्याच्या कडेनं, हे ऐकल्यावर बुधी उठली आणि दाराबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसली.

"दंडात दिलं ना? झालं. बोटं सुजली तर भाकर कोण थापील?"

"दंडातलं औषध शरीराला लढायला शिकवतं," योगिता दाराकडे बघून म्हणाली. "शिकायला दिवस लागतात. तोवर लाळेतला विषाणू जखमेत बसलेला असतो. त्याच्या अंगाला काटे असतात. आपल्या नसेच्या टोकाला त्या काट्यांच्या मापाची जागा असते. कुलपात किल्ली बसते तसा काटा तिथं बसतो. बसला की विषाणू आत, आणि नसेतून सरकत मेंदूपर्यंत. तिथं पोचला तर मग आमच्याकडे काही उपाय नाही."

"झाईला कुलूप कोण लावतंय?" सोनूबाई म्हणाली. मग स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. "नस त्याला धरते, की तो नसेला?"

हे योगिताला आजवर कोणी विचारलं नव्हतं. रोज ती तेच समजावायची. पण इतक्या बारीक मरणालाही पकडायला कुठंतरी जागा लागते, आणि ती जागा आपणच अंगात बाळगून असतो, हे त्या क्षणी तिला नव्यानं जाणवलं.

"दोघं एकमेकांत बसतात, मावशी."

"मग हा बोंबीलच की." सोनूबाईनं मान वळवली. "ए बुधे, ऐकतेस? तोंडात तोंड घालतो ना आपण, तसा तो नसेत अडकतो. आणि हे बोटातलं काय करतं, सिस्टर?"

"यात तयार प्रतिपिंडं असतात. ती आधीच जाऊन त्याच्या काट्यांवर बसतात."

"म्हणजे तोंडात आधीच बोळा. जोडी लागायचीच नाही. बांबूवर टाकला तरी खाली."

"खाली. मग शरीर त्याला झाडून काढतं. पण तो आहे तिथंच औषध जायला हवं."

"माझ्या तोंडात घाला काय घालायचं ते," बाहेरून बुधी म्हणाली. "बोटांत नको."

"तुझं तोंड भरायला आख्खी होडी लागेल."

बुधी हसली नाही. ती उठली, पिशवी काखेत मारली. "बाय, मी निघते. तुम्ही घ्या. मी थांबले तर माझी गाडी चुकेल."

योगिता खुर्चीतून उठली. या बाकड्यावरून उठून गेलेलं माणूस सहसा परत येत नाही, हे तिला ठाऊक होतं. एक जण आला होता, तो पाण्याच्या पेल्याला भिऊन किंचाळत आला होता.

"माझं होऊ दे," सोनूबाई म्हणाली. "मला एकटीला बसमध्ये चढवतेस काय या हातांनी? बस तिथं. दार उघडं ठेवा, सिस्टर."

औषध माणसाच्या वजनाच्या हिशेबानं मिळतं, आणि जखमा तर भरपूर. योगितानं त्यात सलाईन मिसळून ते पुरवायला घेतलं. बोटाच्या टोकाला मांस कमी, नसा दाट. मागं अच्छाडच्या ढाब्यावर कुत्रा चावलेला एक धिप्पाड ट्रकवाला याच स्टुलावर लहान मुलासारखा रडला होता, आणि त्याच्या तर एकाच बोटाला जखम होती.

पहिली सुई गेली तशी सोनूबाई बोलायला लागली. यंदा बोंबील बारीक आहे. जावयानं मोबाईल घेतला, आता सासूला रामराम त्यातूनच करतो. बुधी जोड्या लावते की लग्नं, एवढा वेळ कशाला लागतो. आवाज सरळ, रोजच्यासारखा खणखणीत. बाकड्यावर बुधीपर्यंत पोचत होतं ते एवढंच. योगिताला मात्र टेबलाखालचं दिसत होतं. सोनूबाईच्या पायाची बोटं स्टुलाच्या दांडीला अशी आवळली होती की नखं पांढरी पडली होती. योगिताचा हात एकदा थांबला. सोनूबाईनं डोळ्यांनीच तिला पुढं चल म्हटलं आणि खोबरेल तेलाच्या भावावर आली.

योगितानं खूप माणसं सोसताना पाहिली होती. दुसऱ्यासाठी कोणी इतकी बडबड करताना पाहिलं नव्हतं.

शेवटचा ओरखडा झाला तेव्हा बुधी दारात उभी होती.

"दुखलं?"

"बोंबलाइतकं."

बुधीनं योगिताकडे पाहिलं. योगिता नवी सुई काढत होती. तिनं मान वर केली नाही. बुधी आत आली. सोनूबाई उठली, तिनं स्टूल पायानं पुढं सरकवलं. बुधी बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. सुई गेली तशी तिनं डोळे मिटले. हात तिथंच राहिला.

आता बडबडायचं कारण उरलं नव्हतं; सोनूबाईनं ओठ घट्ट मिटले होते. सुजू लागलेले दोन्ही हात छातीपुढं धरून, कुणाकडेही न बघता ती दारातून बाहेर गेली.