घंटेचे पैसे पन्हळीला

आमच्या चर्चचा खजिनदार धंद्यानं प्लंबर. सगळे त्याला वॉशर म्हणतात, कारण जगातल्या निम्म्या भानगडी वॉशर झिजल्यामुळे होतात असं त्याचं ठाम मत आहे. नवरा-बायकोचं भांडण असो की पाळकांचा खोकला, निदान तेच.

चर्चच्या डागडुजीला पैसा कसा उभा राहतो, ते त्याच्याकडून ऐकावं. रविवारी उपासनेत फिरणाऱ्या दानाच्या थैलीतून वीजबिल आणि झाडूवालीचा पगार कसाबसा निघतो. हॉलच्या भाड्यातून रंग. मोठं काम निघालं की देणगी मागायची, आणि इथेच खरी मेख आहे. लोक रंगीत काचेला देतात, बाकाला देतात, कारण त्यावर आजोबांच्या नावाची पाटी लागते. गटाराला कोण देणार? "संडासाच्या टाकीवर बापाचं नाव कुणालाच नको असतं," वॉशर म्हणायचा, "आणि बुडणार तर आपण तिथूनच." म्हणून आमच्याकडे नियम आहे. देणगी आली की पाळक उपासनेत मोठ्यानं वाचतात, कुणी दिली आणि कशासाठी. ज्यासाठी दिली त्यालाच ती लागायची. बदल करायचा तर देणाऱ्याला विचारून.

गेल्या वर्षी वॉशरच्या वहिनीनं घंटेसाठी पैसे दिले. त्याचा थोरला भाऊ शिंपी होता आणि जन्मभर चर्चची घंटा तोच वाजवायचा. मनोऱ्यातली तुळई कुजली, घंटा मुकी झाली, आणि ती पुन्हा टांगली जायच्या आत तो गेला. वहिनीनं त्याच्या दोन्ही शिलाई मशीन विकल्या. "ह्यांची घंटा वाजू दे," एवढंच म्हणाली.

थोड्याच दिवसांत वेदीमागची भिंत ओली दिसायला लागली. छपराची पन्हळ फुटली होती आणि पाणी भिंतीत मुरत होतं. गिलावा हातात येत होता. वॉशरनं उपासनेनंतर उभं राहून वर्गणी मागितली, थैलीत सुट्टे खुळखुळले. मग त्यानं कुणाला न विचारता घंटेचे पैसे पन्हळीला लावले. वहिनीचं घर गल्लीच्या पलीकडे. नुसतं दार वाजवायचं होतं.

भिंत वाळली. पाळकांनी भर उपासनेत त्याचं कौतुक केलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. पैसे कुठून आले, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. फुकटात भिंत वाळत असेल तर कोण कशाला विचारतंय! वहिनीनंही टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून गडी खंगायला लागला.

दर रविवारी बाहेर पडताना वहिनी विचारायची, "भावोजी, घंटेचं कुठवर आलं?" तो सांगायचा, सुतार आजारी आहे. मग सुताराची बायको आजारी. मग सुताराची आई. शेवटी सुताराच्या घरात आजारी पडायला माणूस उरला नाही. वहिनी रोज त्या सगळ्यांसाठी प्रार्थना करते, हे कळलं तेव्हा वॉशरच्या घशाखाली घास उतरेना.

माझ्याकडे नळ दुरुस्त करायला आला तेव्हा एकदाचा बोलला. सिंकखाली अर्धा शिरून, तोंड न दाखवता.

"वहिनीचे घंटेचे पैसे पन्हळीला लावले. खाल्ले नाहीत मी."

"ते ठाऊक आहे. मग विचारलं का नाहीस तिला?"

त्यानं पान्यानं नट आवळला. मग म्हणाला, "दादा जन्मभर वर, मनोऱ्यात. त्यानं दोर ओढला की अख्खी वस्ती मान वर करायची. मी खाली, गटारात हात घालून. आता मेल्यावरही त्याचंच नाव होणार होतं. म्हटलं, राहू दे घंटा. एकदा तरी माझं गटार जिंकू दे."

"हे मला सांगून काय उपयोग?" मी म्हटलं. "गल्ली ओलांड."

तो गेला. पुढचं त्यानंच मला सांगितलं. वहिनी भाजी निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं, दादाबद्दलचंही. तिनं भाजी बाजूला सारली.

"विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं, भावोजी. भिंत पडत असताना घंटा कशाला हवी? पण मग ते मी दिलं असतं. ह्यांच्या मशीनचे पैसे होते ते. तुम्ही परस्पर देऊन मोकळे झालात."

"मी भरून देतो, वहिनी."

"द्या. पण आधी जिथे टाळ्या घेतल्यात तिथे सांगा."

रविवारी तो उभा राहिला आणि अडखळत सगळं बोलला. बोलणं संपायच्या आतच मागून कुणीतरी म्हणालं, "अरे वॉशर, केलंस ते चर्चसाठीच ना!" लोक हसले. पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझेही हात उठले, आणि त्याची मला अजून लाज वाटते. माफ करायला आमच्या खिशातून काय जात होतं? वहिनीचे हात मांडीवर होते.

मग पाळकांनी जाहीर केलं की आज दुसरी थैली घंटेसाठी फिरेल. थैली फिरवायचं काम खजिनदाराचं. एकेक बाक करत वॉशर वहिनीपाशी आला आणि मान खाली घालून तिला तसाच ओलांडून जाऊ लागला. तिनं थैलीची कड धरली. पर्समधून नोट काढली आणि थैलीवर धरून ठेवली.

"ही कशासाठी, भावोजी?"

"घंटेसाठी," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

नोट तिच्या बोटांत तशीच होती.

"घंटेसाठी," तो जवळजवळ ओरडलाच. "दादाच्या घंटेसाठी!"

मग तिनं नोट सोडली.