पाच नंबरचा पंखा

कोलकात्यात, बेहालातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलला पंखा एकच आणि त्याखाली बसणारी माणसं दोन: माझे सासरे आणि सासूबाई. बाबांना पंखा पाचवर लागतो. आईंचा खांदा दोनच्या वर गेलं की धरतो. उन्हाळा लागला की दिवसभर रेग्युलेटरची खटखट चाले. बाबा पाचवर करून खुर्चीत टेकतात न टेकतात तोच आई पाणी प्यायच्या निमित्ताने उठत आणि येताना बटण दोनवर आणत.

"या उकाड्यात दोनवर पंखा म्हणजे देवाला चवरी ढाळणं," बाबा म्हणत. "मी देव नाही."

"ते मला लग्नापासून ठाऊक आहे," आई म्हणत.

मी शाळेत फिजिक्स शिकवते. एक दिवस आईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "दुसऱ्यांच्या पोरांना एवढी वीज शिकवतेस, घरातल्या पंख्याचं काही करता येत नाही?"

येत होतं. हल्लीच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात. ते वाटेत आले की पंख्याला मिळणारं व्होल्टेज उतरतं, त्याबरोबर करंटही, आणि पंखा मंदावतो. पाचवर मात्र मध्ये काहीच नसतं, वीज थेट पंख्याला. मी एस्प्लनेडच्या बाजारातून एक कपॅसिटर आणला. बाबा मासळी घ्यायला गेले तेव्हा मेन स्विच बंद केला आणि स्विचबोर्डच्या आत पंख्याच्या वायरमध्ये तो बसवून टाकला. आई दारात पहारा देत होत्या. त्यानंतर बटणावरचा पाच म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम दोन.

धाडसच होतं ते. बाबांची सगळी नोकरी फोर्ट विल्यममधल्या वायरिंगच्या देखभालीत गेलेली. पण त्या दिवशी त्यांनी बटण पाचवर नेलं, आई जागच्या हलल्या नाहीत, आणि या विजयाच्या आनंदात बाबांना हवा मोजायचं सुचलंच नाही. "शेवटी पटलं म्हणायचं," एवढंच ते बोलले. आई वाटाणे सोलत राहिल्या.

घरात शांतता नांदली. मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे बंगाली काका गप्पा मारायला आले. ते रुमालाने मान पुसत वर बघून म्हणाले, "दादा, पंखा घूम तो रहा है, लेकिन हवा किसको दे रहा है?"

"व्होल्टेज लो असेल," मी आतून घाईघाईने म्हटलं.

बाबांनी पंख्याकडे पाहिलं, मग स्विचबोर्डाकडे, मग माझ्याकडे. "असेल," ते म्हणाले. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, म्हणून मी निर्धास्त झाले.

पुढच्या आठवड्यात माझे डोळे बिघडले. पेपर तपासायला मला टेबलावरचा जुना पिवळा बल्ब लागतो, एलईडीचा पांढरा उजेड सोसत नाही. त्या बल्बखाली अक्षरं एकदम पुसट दिसायला लागली. एका मुलीचा मायनस मी प्लस वाचला आणि तिला फुकट मार्क दिले. चष्मा पुसून झाला, नवा बल्ब आणून लावला, फरक शून्य.

"व्होल्टेज लो असेल," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले. मग काळजीच्या सुरात, "पण तुझंही वय होत चाललंय गं. डोळे दाखवून ये एकदा."

मी गेले. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, तक्ता वाचून घेतला. "नंबर वही है, मॅडम. घर की बत्ती चेक कीजिए."

बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी येऊन मी चप्पलही न काढता दिव्याचा प्लग भिंतीतून उपसला आणि उघडला. आत व्यवस्थित जोडलेला, वर टेप गुंडाळलेला डायोड. वीज पुढे-मागे वाहते त्यातली अर्धी तो अडवतो. माझ्या बल्बला निम्मंच जेवण मिळत होतं.

बाबा हॉलमध्ये शांतपणे चहा पीत होते. "काय म्हणाले डॉक्टर? नंबर वाढला?"

मी डायोड त्यांच्या बशीत ठेवला. त्यांनी खिशातून माझा कपॅसिटर काढून शेजारी ठेवला.

"हा कधी काढलात?"

"काका आले होते ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तेव्हापासून पंखा पूर्ण वेगात आहे. आता तुझ्या सासूबाईंना विचार, खांदा कसा आहे?"

आम्ही दोघांनी आईंकडे पाहिलं. गेला आठवडाभर त्या त्याच पंख्याखाली दुपारची झोप घेत होत्या, तक्रारीचा एक शब्द नव्हता. त्यांनी क्षणभर वर बघितलं. मग हात सावकाश खांद्यावर नेला.

"तरीच," त्या म्हणाल्या. "सकाळपासून ठणकतोय. कुणी शाल देता का?"

बाबा इतके हसले की चहा बनियनवर सांडला. शाल मात्र त्यांनीच उठून आणली.

त्या रविवारी आम्ही बाबांसाठी टेबलफॅन आणला. तो त्यांच्या खुर्चीशी उभा असतो, वरचा पंखा दोनवर राहतो, आणि वायरिंगला कोणी हात लावायचा नाही असं तिघांचं ठरलं आहे. दुपारी बाबांचा डोळा लागला की आई हळूच त्या टेबलफॅनचं तोंड स्वतःकडे वळवून घेतात.