डावीकडे तोंड केलेलं गाढव

माझी वहिनी मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढते. कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायची नाही. पान उजवीकडून उलटतं, म्हणून पुढे निघालेल्याचं तोंड उजवीकडेच हवं. डावीकडे वळलं, की मुलं धरून चालतात, हा घरी परतला. हे तिने मला इतक्या वेळा ऐकवलंय, की रस्त्यातली माणसंही मी तशीच वाचते.

दादा गेला तेव्हा तिचं एक पुस्तक अर्धं झालं होतं. समुद्र बघायला निघालेल्या गाढवाचं. पंधरा दिवसांनी ती पुन्हा टेबलाशी बसली. डोळ्यांतून टिपूस नाही. मी सोबतीला राहायला आले होते. चहा करायचे, कप विसळायचे. मलाही काही वाटत नव्हतं, आणि त्याची लाजसुद्धा वाटत नव्हती. प्रकाशकाने सोमवारची मुदत दिली होती, नाहीतर पुस्तक दुसऱ्याकडे.

"हे हातातून गेलं, तर मी पुन्हा ब्रश धरणार नाही," एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी मी चित्रं माझ्या बालवाडीत नेली. मजकुरावर कागदाची पट्टी ठेवायची आणि मुलांनाच गोष्ट सांगायला लावायची, ही आमची जुनी पद्धत. सात पानं सुरळीत गेली. आठव्यावर एक चिमुरडी म्हणाली, "समुद्र नको झाला त्याला?"

"का गं?"

"घरी चाललंय ना!"

तिथून पुढच्या पाचही पानांवर गाढवाचं तोंड डावीकडे होतं. पट्टीखालचा मजकूर मात्र 'पुढे, अजून पुढे' म्हणत होता.

घरी आल्यावर वहिनीने पानं एकेक करून पाहिली. "खरं गाढव मीच," ती म्हणाली.

"कॉम्प्युटरवर उलटी करून घेऊ या."

"तोंड फिरेल गं. पण मान बघ त्याची, कशी खाली घातलीय."

शनिवार-रविवार तिने पाचही चित्रं नव्याने काढली. मी पाणी बदलत राहिले. रविवारी संध्याकाळी गाढव समुद्राशी पोचलं. सोमवार वाचला होता, पण दोघींनाही हायसं वगैरे वाटलं नाही.

ब्रश धुता धुता तिने विचारलं, "रोज पान झालं की तुलाच दाखवत होते ना मी? तुला कसं दिसलं नाही?"

"रोज दिसायचं, वहिनी," मी म्हणाले. "वाटायचं, निदान हे तरी परत फिरलंय."