चौदावा बाण
मुलीने काल शाळेच्या जलचक्राच्या तक्त्यावर बाण काढायला मार्कर उघडला आणि त्या उग्र वासासरशी मला कर्वेनगरातलं जुनं ऑफिस आठवलं. सोसायट्यांना पाण्याचे टँकर नेमून देणारी प्रणाली आम्ही करत होतो. त्यात प्रत्येक टँकरसाठी आणि प्रत्येक सोसायटीसाठी स्वतः निर्णय घेणारा एकेक छोटा प्रोग्राम, म्हणजे ‘एजंट’, होता. आराखडा करणाऱ्या बाईंनी फळ्यावर मार्करने एजंटांमधल्या निरोपांचे चौदा बाण काढले होते. प्रोग्रामरने ते विकत घेतलेल्या तयार सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्मवर उतरवल्यावर मी तपासायला बसलो, तर तेराच भरले. टँकरने ‘जमणार नाही’ म्हणायचा बाण नव्हता. “अहो, या प्लॅटफॉर्मवर नकाराची सोयच नाही,” प्रोग्रामर म्हणाला. “उत्तर आलं नाही की होकार धरायचा. आणि पुण्यात टँकरवाला नाही कुठे म्हणतो? हो म्हणतो आणि येत नाही.” सगळे हसले. बाई नेमक्या रजेवर होत्या. साहेबांनी विचारलं, “कुणाची हरकत?” माझ्या वहीत चौदा आणि तेरा हे आकडे शेजारी शेजारी होते. मी पेनाचं टोपण काढत-लावत राहिलो, बोललो नाही, आणि साहेबांनी तो होकार धरला. प्रणाली सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी वारज्यातल्या एका सोसायटीला नेमलेला टँकर बंद पडलेला होता, आणि आमच्या पडद्यावर तो वाटेत होता. दुपारी तिथल्या काकूंचा फोन मीच घेतला. “येणार नव्हता तर तसं सांगायचं,” त्या म्हणाल्या. “सकाळीच दुसरा बघितला असता.” काल मुलीने विचारलं, “बाबा, बरोबर आहे ना?” मी पुस्तकातल्या आकृतीतले आणि तक्त्यावरचे बाण दोनदा मोजले, मगच हो म्हणालो.