मथुराबाईंचा पाच नंबर

माझ्या सासूबाई, मथुराबाई, उभ्या जन्मात चपलेच्या दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. तर आत्यांच्या चपला मामाच आणत, मैंदर्गीच्या आठवडी बाजारातून. हे आमचे कोंडीबामामा चारचौघांत बायकोशी दोन शब्द बोलायचे नाहीत, पण चपलांचा जोड असा उपरण्यात गुंडाळून आणायचे, की पाहणाऱ्याला मिठाईचा पुडा वाटावा. आत्या एरंडेल लावून त्या मऊ करायच्या. मी नवी नवरी असताना चपलांची करकर ऐकू आली की समजायचं, आत्या रानातून आल्या. मी आणि माझी जाऊ पदर सावरून कामाचं सोंग आणायचो. केवढा दरारा होता त्या करकरीचा! ते दिवस आठवले की अजून जीव गलबलतो.

मग ती करकर लंगडायला लागली. अंगठ्याच्या बुडाशी हाड कांद्यासारखं वर आलं, अंगठा शेजारच्या बोटावर रेलला, जोडवी काढून ठेवावी लागली. माझ्या नवऱ्यानं, अमृतनं, दोघांना जुळे सोलापुरात आमच्या फ्लॅटवर आणलं. डॉक्टरांनी पाय पाहून सांगितलं, "याला इंग्रजीत बनियन म्हणतात."

मामा चक्रावले. "पायाला बनियन? आन् ते कशापायी?"

हसून हसून माझी पुरेवाट झाली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. पुढून रुंद आणि मऊ घाला, हाडावर पट्टा येऊ देऊ नका, नाहीतर ऑपरेशनची पाळी येईल, असं त्यांनी बजावलं. अमृतनं घरी येताच फर्मान काढलं, आईला नीट चालता येत नाही तोवर गावी जायचं नाही.

आत्यांना फ्लॅट म्हणजे तुरुंगच. "हितं मातीच न्हाय, पाय टेकायचा कुटं?" म्हणत बाल्कनीत बसून राहायच्या. जेवण तुटलं. मी म्हटलं, "चला दुकानात, मापाचं काहीतरी घेऊ, आठवड्यात गावी जाल." तर म्हणाल्या, "दुकानात नगं. ह्ये बी संगट येतील, त्यांच्यासमोर नंबर निघंल."

निघेना का! मला काही उमजेना. मग त्यांनी दार लोटलं आणि सांगितलं ते असं. लग्नानंतर पहिल्यांदा चपला आणायच्या होत्या. घरात वडीलधारी माणसं, नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावणं म्हणजे भलतंच. त्यामुळं रीत अशी, की बाईनं खराट्याची काडी आपल्या पावलाला लावून तेवढीच मोडायची आणि पुरुषानं ती बाजारात न्यायची. आत्यांच्या सासूनं आधीच टोमणा मारला होता, "पोरीचं पाय हायती का फावडी!" नव्या नवरीनं लाजून काडी बोटभर आखूड मोडली. मामांनी त्या मापाचा पाच नंबर आणला आणि तोच डोक्यात पक्का केला. पुन्हा काडी मागितलीच नाही. बायकोचं माप आपल्याला तोंडपाठ आहे, याचा त्यांना कोण अभिमान!

"आता सांगितलं तर त्यांच्या जिवाला लागंल," आत्या म्हणाल्या. "एवढी वरसं मानसानं हौसंनं आनलं. तू बोलू नगंस. तुला शपत हाय."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक. पण शपथ पडली. मात्र ती न बोलण्याची होती, मामांना दुकानात न नेण्याची नव्हती. शेवटी मी मामांना गाठलं आणि एवढंच म्हटलं, "मामा, तुम्ही बरोबर चला. त्याशिवाय आत्या यायच्या नाहीत."

मामाच चल म्हणाल्यावर आत्यांचा नाइलाज झाला. आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो. दिवसभरात पाय सुजतो, सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो, असं डॉक्टर म्हणाले होते. दुकान बंदेनवाज यांचं. माणूस गोड, पण घाईतला.

"नंबर काय, अम्मा?"

आत्या पदर चाचपू लागल्या. मामा छाती काढून म्हणाले, "पाच. मीच आनतो न्हवं का."

पाच नंबरात बोटंसुद्धा नीट शिरेनात. "तुमचा पाच ल्हान हाय," मामा म्हणाले. दुसरा जोड काढला, तिसरा काढला. मामा कंपन्यांना नावं ठेवू लागले. आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पायामुळं की कशामुळं कोण जाणे.

"नंबर ऱ्हाऊ द्या, चाचा," बंदेनवाज म्हणाले. "अम्माला पुठ्ठ्यावर उभं करा. पाय आखून घेऊ." ते पेन्सिल घेऊन वाकले, तशी आत्यांनी पाय लुगड्यात ओढून घेतला. परका पुरुष पायाला हात लावणार म्हणजे काय! मी पुढं होणार, तेवढ्यात मामांनीच पेन्सिल घेतली आणि भर दुकानात फरशीवर बसकण मारली.

"अहो, उठा, मानसं बघत्यात!"

"बघू देत."

त्यांनी आत्यांचं पाऊल पुठ्ठ्यावर धरलं. पेन्सिल टाचेपासून निघाली आणि अंगठ्याच्या हाडाशी येऊन थांबली. मामांनी त्या हाडावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"हे कवापास्नं गं?"

आत्यांना राहवलं नाही. "लगीन झालं तवा काडी मीच आखूड मोडली व्हती. तुमचं काय चुकलं न्हाय."

मामांचा चेहरा उतरला. "मग एकदा तरी वरडायचं न्हाय का, मथुरा?"

त्यांच्या तोंडून चारचौघांत आत्यांचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

"वरडले असते तर तुमी आनायचं बंद केलं असतं की," आत्या म्हणाल्या.

मी पर्समध्ये तोंड घालून पैसे मोजू लागले. बंदेनवाजही आमच्याकडं पाठ करून उगाच खोकी लावत बसले. मामांनी दुसरं पाऊलही आखलं, सावकाश, हाडाला वळसा घालून. सात नंबरचे बूट निघाले, पुढून रुंद, मऊ, हाडाशी शिवण नसलेले. आत्यांनी आत बोटं हलवून पाहिली आणि चक्क हसल्या.

"आता बाजारला संगट जाऊ," मामा म्हणाले.

आठवड्याभरात दोघं गावी गेली. मामा आता नाहीत. पण होते तोवर मैंदर्गीच्या बाजारात दोघं बरोबर दिसायची. आत्या लुगडं खोचून भराभर पुढं जायच्या आणि मामा मागून हाका मारायचे, "अगं मथुरा, जरा दमानं!"