रेघेबाहेरचा कोंब

फुटबॉलच्या रेफ्रीची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही लगेच सरसावून बसला असाल. कोल्हापूर, फायनल, मैदानात चपलांचा पाऊस. तसलं काही नाही. आमच्या शेजारचे मामा रिटायर झाल्यावर शिट्टी मारायचे ती बांबूला.

शिवाजी पेठ सोडून त्यांनी गडमुडशिंगीत आमच्या शेजारी घर बांधलं. मामींना परसात सावली पाहिजे होती. नर्सरीवाल्यानं बारीक पिवळा बांबू दिला. शाहूवाडीकडचा बांबू कसा, बसल्या जागी बेट करून राहतो. मामांना वाटलं हाही तसाच. हा निघाला पळणारा! जमिनीखालून मुळी सोडायची आणि लांब कुठंतरी डोकं वर काढायचं. एकदा आमच्या भिंतीपाशी कोंब निघाला, तेव्हा पप्पांनी विचारलं, "मामा, आमच्या फरशीखाली शिरला तर?"

"शिरला तर समदा मुळासकट काढतो. रेघ म्हंजी रेघ!"

मामींचं तोंड उतरलं. पण मामांच्या निकालावर अपील नसायचं. ह्या माणसानं आपल्याच पेठेच्या टीमचा गोल रद्द केला होता. पुढं कितीतरी दिवस गल्लीत त्यांना कुणी चहा विचारला नाही.

मग बांबूभोवती चर खणला. चराच्या कडेनं, मैदानावर मारतात तशी पांढरी फक्की मारली. रोज सकाळी बनियनवर फेरी. कोंब रेघेबाहेर दिसला की शिट्टी, हात वर, "भाईर!" आणि कुदळ. चरात आडवी आलेली मुळी तोडून उन्हात टाकायची.

मी गच्चीवरून तोंडानं तशीच शिट्टी मारायचो. मामा हातातला चहा तसाच ठेवून पळत यायचे, वाकून वाकून कोंब शोधायचे. मग वर बघायचे.

"पावणं, खाली या की. तुमास्नी रेड कार्ड हाय."

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. मी खांदा दिला, घरी आलो, आंघोळ केली, मोबाईल चार्जिंगला लावला. नंतर कट्ट्यावर पोरं म्हणाली, मामांचा आवाज काढ की. काढला. हुबेहूब आला. कुणी हसलं नाही. मलाही काही वाटलं नाही. मुंग्या आल्यावर पाय दुसऱ्याचा वाटतो ना, तसं.

पावसात चर बुजला आणि आमच्या धुण्याच्या दगडापाशी, फरशीच्या फटीतून कोंब आला. पप्पांना दिसला असता तर मामांचा शब्द होताच, सगळा बांबू गेला असता. आणि मामी तर रोज दुपारी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायच्या. नुसत्या बसायच्या. मी कोंबावर घमेलं पालथं घातलं. दोन-चार दिवसांत घमेलं तिरकं. वर वीट ठेवली. तर विटेसकट तिरकं.

एका सकाळी मामी कढीपत्ता न्यायला आल्या, आणि घमेल्यापाशी थांबल्या. पायानंच उलटं केलं.

"कुणी झाकलं रं ह्ये?"

"मी. पप्पा बांबू काढतील म्हणून. तुमास्नी तेवढीच सावली..."

"माझी बाजू घेतोस व्हय? त्या माणसानं सोत्ताच्या पेठेची घेतली न्हाय कधी, आन तू माझी घेणार? एरवी गच्चीवर चढून नकला करतोस, आन खरी शिट्टी मारायची येळ आली तवा दातखीळ बसली? घमेलं झाकतंय लेकाचं! बघतोस काय? पप्पास्नी हाक मार. आन कुदळ आमच्यातली आण. दाराआड हाय, त्यांनी ठेवल्याली."