बिडीला तोंड न लावण्याची शपथ

कॉलेजातली मुले दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग करायला जात, तेव्हा आम्ही मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होतो. एकदा आम्हीही सीताबर्डीवर जाऊन त्यांच्या मागे उभे राहिलो. त्यांच्यातल्या एकाने आमच्याकडे पाहून सांगितले, मिशा फुटल्यावर या. सगळे हसले. आमचे बिडीविरोधी मंडळ त्या हसण्यातून निघाले. पुढे मी तंबाखूवर पुष्कळ भाषणे केली, पण हे मूळ कारण कोणत्याही भाषणात सांगितले नाही.

काम मात्र खोटे नव्हते. इतवारीत घरोघर बिड्या वळल्या जात. दुकानदार शाळकरी पोराला सुटी बिडी देत आणि दुकानाच्या खांबाला लटकलेल्या जळत्या सुतळीवर पेटवूही देत. आमच्याच वर्गातली मुले मधल्या सुटीत शुक्रवार तलावाच्या काठी जाऊन ओढत आणि पेरूची पाने चावत परत येत. आम्ही दुकानांपुढे उभे राहून मुलांना परत फिरवू लागलो. काही फिरत, काही आमच्या तोंडावर धूर सोडत. एका दुकानदाराने आमच्यावर पाण्याचा तांब्या उपडा केला, त्याचा आम्हाला केवढा अभिमान वाटला होता.

आमच्या ड्रिलच्या मास्तरांचा आम्हाला पाठिंबा होता. आम्ही व्यायामाला जायचो त्या आखाड्यातही ते येत. आखाड्याच्या तांबड्या मातीत हात ठेवून शपथ घ्यायची, ही कल्पना त्यांची. शब्द माझे होते. बिडीला तोंड लावणार नाही, चिलमीला तोंड लावणार नाही, तंबाखू दाढेखाली धरणार नाही. ‘ओढणार नाही’ म्हटले असते तरी चालले असते. ‘तोंड लावणार नाही’ हे मला अधिक कडक वाटले.

माझ्या बाकावर एक विणकराचा मुलगा बसत असे. त्याच्या घराण्यात इंग्रजी शाळेपर्यंत आलेला तो पहिलाच. गणितात तो आम्हा सर्वांच्या पुढे होता आणि तोंडी हिशेबात मास्तरांच्याही. त्याच्या वडिलांनी ठरवले होते की मॅट्रिक होईपर्यंत पोराला मागावर बसवायचे नाही. भाऊबंद त्यांना हसत. साहेब करून राहिला पोराले, म्हणत. ते ऐकून घेत आणि धोटा फेकत राहत. मॅट्रिक झाला तर रेल्वेत किंवा सेक्रेटरिएटात चिकटेल, एवढी त्यांची आशा होती, आणि ती वेडी नव्हती.

त्यानेही शपथ घेतली. मातीतून हात काढायच्या आधी तो थांबला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, “मी बाबाले बिडी पेटवून देतो. ते चालते का गा?”

हे नीट सांगायला हवे. त्याचे वडील खड्ड्यातल्या मागावर बसत. पाय खाली पावड्यांवर, हात धोट्यावर आणि फणीवर. लुगड्याचा काठ चालू असला की उठणे नाही. मग ते नुसती हाक देत. मुलगा चुलीवर बिडी पेटवी, ती धरावी म्हणून एकदोन झुरके घेई, आणि नेऊन वडिलांच्या ओठांत ठेवी. राख झाली की खापरी पुढे धरी. लहानपणापासून तो हे करत होता. त्याच्या आईने बिडी तोंडात धरणे त्या घरात शक्यच नव्हते. मागाजवळ काडी ओढायची नाही की निखारा न्यायचा नाही, हा तिथला नियम, म्हणून पेटवायची ती स्वयंपाकघरातच.

कोणीतरी म्हणाले, हे ओढणे कुठे, ही तर सेवा झाली. दुसऱ्याने चिमट्यात निखारा धरून पेटवायचे सुचवले. मास्तर माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, “तोंड लागलं म्हणजे लागलं. बापाची असो की कोणाची.”

मास्तरांनी मान डोलावली. मित्राने हात मातीत पुन्हा दाबला.

आता माझे सांगतो. वडील गेल्यावर मी काकांकडे महालात राहत होतो. काका कचेरीतून आले, हातपाय धुऊन झोपाळ्यावर बसले की मला हाक मारत, आणि मीही चुलीवर बिडी पेटवून एक झुरका घेऊन त्यांच्या हातात देत असे. शपथ घेतल्याच्या संध्याकाळीही दिली. काका मारकुटे नव्हते. नाही म्हटले असते तर थोडे रागावले असते, कदाचित हसलेही असते. पण मी त्यांच्या अन्नावर होतो आणि माझी हिंमत झाली नाही. तो झुरका आपण गिळत नाही, म्हणून तो मोजायचा नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले. तोच नियम मित्राला लावावा असे मात्र सुचले नाही. सुचले नाही असे लिहिले, तेही खरे नाही. आखाड्यात तो बोलत होता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काकांचा झोपाळाच होता.

मित्राने घरी नाही म्हणून सांगितले. वडिलांना ते प्रथम समजलेच नाही. मग त्यांना राग आला, मग वाईट वाटले. शाळेत जाऊन पोराला बापाच्या बिडीची किळस वाटू लागली, असे ते बायकोला म्हणाले. पोराला पुन्हा हाक मारायची नाही असे त्यांनी ठरवले आणि काडेपेटी मागाशी नेऊन ठेवली.

एका दुपारी आम्ही शाळेत असताना त्यांनी बसल्या जागी काडी ओढली. काडीचे गूल तुटून उडाले आणि ताण्यावर पडले. खळ लावलेले कोरडे सूत ते. त्यांनी हातांनीच विझवले, म्हणून घर वाचले. हात भाजले. पूर्ण होत आलेले लुगडे गेले, पुढचा ताणा गेला. सूत आणि रेशीम व्यापाऱ्याचे होते. ते भरून द्यायचे तर माग थांबवता येत नव्हता, आणि वडिलांच्या हातांना फडकी बांधलेली होती. दुसऱ्या दिवशी बाकावर मी एकटा होतो.

चारपाच दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. तो खड्ड्यात बसला होता. पाय लांब असल्याने त्याचे गुडघे वर येत होते. वडील भिंतीला टेकून त्याला धागा कुठे सैल आहे ते सांगत होते. मी त्यांना म्हणालो की परीक्षेपर्यंत तरी त्याला पाठवा, मास्तर फीचे पाहतील. ते माझ्याशी अदबीनेच बोलले.

“त्याले शाळेतून मी नाही काढलं, बाबू. माह्या हातानं काढलं.” त्यांनी फडक्यातले हात थोडे उचलले. मग म्हणाले, “त्याच्या डोक्यात हे कोणं भरवलं, तेवढं तो सांगत नाही. तुले माहीत हाय का?”

मी मित्राकडे पाहिले. तो तुटलेला धागा जोडत होता, मान वर केली नाही. मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

तो मला आळीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. मग त्याने विचारले, “तुह्या घरी काका बिडी पेते ना? त्यायले कोण पेटवून देते?”

“ते स्वतःच पेटवतात,” मी म्हणालो.

“बरं हाय तुह्यं,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरेच बरे वाटले असावे, निदान आपला सोबती तरी या पेचातून सुटला म्हणून. मग काम पडले आहे म्हणून तो परत फिरला.

वडिलांचे हात बरे झाले, पण बोटे पूर्ण मिटेनात. तो मागावरच राहिला. मी मॅट्रिक झालो, पुढे शिकलो, मास्तर झालो. वर्गात तंबाखूवर बोलतो तेव्हा मुले शांतपणे ऐकतात. माझ्या आवाजात काहीतरी कळकळ आहे, असे हेडमास्तर म्हणतात. काका जाईपर्यंत मी त्यांची बिडी पेटवून देत होतो.

गेल्या उन्हाळ्यात तो मला इतवारीत भेटला. केस पांढरे झालेले, खांदे पुढे आलेले, डोक्यावर सुताचा गठ्ठा, सोबत आणखी एक जण. वडील कधीच गेले, म्हणाला. त्यांच्या शेवटच्या दिवसांतही त्याने बिडी पेटवून दिली नव्हती. ते खाटेवरून मागत, तो पाणी देई. मग सोबतच्या माणसाला माझी ओळख करून देत म्हणाला, “यानं मले शपथ देल्ली होती. आजपर्यंत तोंड लावलं नाही.”

सोबतच्याने मला हात जोडले. मी तिथून निघू पाहत होतो, तर मित्राने माझा दंड धरला. त्याचा मुलगा मिसरूड फुटायच्या वयाचा झाला आहे, म्हणाला. चोरून ओढतो, विचारले तर उलट बोलतो.

“माह्यं नाही आयकत. तुह्या तोंडून आयकन. तू येजो एखाद्या दिवशी. त्याले सांगजो का मी कसा राहिलो ते.”

मी येतो म्हणालो. त्याच्या घरी गेलो तर मुलाला शपथ देण्याआधी काकांची बिडी सांगावी लागेल. ती ऐकल्यावर मित्रापाशी काय उरेल, हे मला कळत नाही. वडिलांना नाही म्हणून त्याने एवढी वर्षे जे सांभाळले, ते माझ्या शब्दावर सांभाळले. न सांगता शपथ दिली तर तोच आखाडा पुन्हा उभा राहील. पाऊस सुरू होऊन संपतही आला. मी अजून गेलेलो नाही.